लागोपाठचे दोन नंबर

तुम्ही विचारताय म्हणून सांगतो,
नाहीतर ही गोष्ट
गुप्ततेच्या शपथेत घडी घालून ठेवली होती.

बावन्न सालचा जानेवारी.
नायगावची म्युनिसिपल शाळा, दुसरीचा वर्ग,
फळ्यावर अर्धवट पुसलेला सातचा पाढा.
मी तेवीस वर्षांचा कारकून,
अंगात मेव्हण्याचा कोट, बाह्या लांब.
पडद्याआड लोखंडी पेट्यांची रांग,
दर उमेदवाराला एक पेटी, पेटीवर चित्र.
कागदावर खूण करायचीच नव्हती,
कोरा कागद आपल्या पेटीत टाकायचा, बस.

मतदारसंघ एक आणि खासदार दोन.
एक जागा सर्वसाधारण, एक राखीव,
हद्द मात्र दोघांची तीच.
लोक विचारायचे, कागद दोन कशाला?
मी म्हणायचो, एका चाळीला दोन जिने नसतात का?
हसायचे, बोट पुढे करायचे.

नियम मला झोपेतही पाठ:
दोन मतं, दोन वेगळ्या पेट्यांत.
दोन्ही एकालाच देता येणार नाहीत.

तान्हुबाई खरात दुपारी आली.
वाइंडिंग खात्यातली, कानामागे कापसाची तूस.
नाव विचारलं तर नवऱ्याचं सांगत बसली नाही,
स्वतःचं सांगितलं, वर्गाबाहेर ऐकू जाईल असं.
मी दोन कागद दिले,
शेवटचे आकडे अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास.
नियम सांगितला.
म्हणाली, "दुसरा कोन हाय ते मला म्हाईत न्हाई, सायेब.
वळख न्हाई त्याच्या दारात कशापायी जाऊ?"
आणि गेली पडद्याआड.
पत्र्यावर आवाज एकदाच आला.

मोजणीला मीच होतो.
लाख फोडली, पेटी उलटी केली,
त्या ढिगात अठ्ठेचाळीसच्या पोटात एकोणपन्नास,
घडीत घडी, देवाला वाहिलेल्या पानासारखी.
वरचे साहेब म्हणाले, "लागोपाठचे नंबर.
एक धरा, एक बाद."
कोणता?
"कोणताही. दोन्ही कोरेच आहेत की."
मी एकोणपन्नास उचलला. शिक्का मारला.
संध्याकाळपर्यंत अशा किती जोड्या सोडवल्या
आणि त्या शिक्क्याची शाई
किती दिवस नखात होती, ते सोडा.
पेटीवर चित्र कोणतं होतं, विचारू नका.
तेवढी शपथ अजून शाबूत आहे.

सत्तावन्नला पुन्हा तीच शाळा, तीच जोडजागा.
तान्हुबाई आली, थोडी वाकली होती.
खालच्या आवाजात म्हणाली,
"मागल्या खेपेला माजी दोनी पोचली ना?"
मी म्हणालो, पोचली.

मग एकसष्टला दिल्लीत कायदा झाला,
जोडजागा मोडल्या.
आमच्या टेबलावर नकाशा आला, त्यावर लाल पेन्सिल.
एका रस्त्याचा डावा फुटपाथ इकडे, उजवा तिकडे,
भाजीवाली एका हद्दीत, तिचा तराजू दुसऱ्या.
हिशोब सोपा झाला, सगळेच म्हणाले,
मीही म्हणालो.
एक म्हातारे गृहस्थ मात्र तीन वेळा ऑफिसात आले,
राखीव जागा कुठल्या बाजूला गेली ते विचारत.
मी याद्या चाळत राहिलो.
चहा दिला त्यांना. दुसरं काय देणार?

बासष्टला तान्हुबाईच्या हातात एकच कागद ठेवला.
तिने उलटून पाहिला, मागे काही चिकटलंय का.
"दुसरा?"
आता एकच असतो, बाई.
थांबली. मागची रांग कुरकुरली.
"मंग ह्यो तरी बाद न्हाई ना व्हनार?"

तिला कोणी सांगितलं असेल?
की पाच वर्षांपूर्वी माझ्या तोंडावरच वाचलं होतं तिने?
मी बाटलीतली शाई हलवत राहिलो,
हलवायची काही गरज नव्हती तरी.