फळी वर, फळी खाली

सलाइनच्या बाटल्यांचा रिकामा खोका
सुलक्षानं परवा इस्पितळातून आणला,
पोरीची जुनी झबली भरायला.
जपून ठेवायची की कुणाला द्यायची
ते अजून आमच्यात ठरलेलं नाही.
झबली खुर्चीवरच,
आणि खोक्यात उर्वी,
जिला जगात येऊन सत्तावीस महिने झाले
आणि खोक्यात बसून दहा मिनिटं.

‘फेरीबोट करूया,’ म्हटलं, ‘आई जाते ती.’
ऊठ म्हटल्यावर उठेना.
शेवटी पेजेच्या वाटीची लाच देऊन
बोट रिकामी करून घेतली.

माझ्या डोक्यात सगळी तयारी होती:
काठाला काड्यांचे कठडे,
आगपेटीची, चालकाला बसायला खोली,
वर नखाएवढा झेंडा.
अलीकडे चोडण, पलीकडे रायबंदर,
मध्ये परातभर मांडवी.

डिंक बाटलीत वाळून दगड झालेला.
पेजेतली शितं घेतली चिकटवायला,
पण हा उकडा भात,
शीत शिताला ओळख देत नाही.
एक कठडा लागला, दोन आडवे झाले,
तिसऱ्यासाठी खळ शोधतो
तर खळ खाऊन
ही वाटी चाटतेय.

शेजारच्या इनासनं खिडकीतून चिकटपट्टी दिली,
नाताळातलं नक्षत्र बांधून उरलेली.
‘इंजीन बरं घाल,’ म्हणाला,
‘सरकारी घालू नको.’

मग पुढची बाजू कापायला घेतली.
दोन्हीकडून उभी चीर, वरून एक आडवी,
खाली घडी तशीच.
पुठ्ठा सुटला आणि
धप्पकन लादीवर पडला.

उर्वीचे हात थांबले.
तिनं तो उचलला, लावला, सोडला.
धप्प.
‘फई,’ ती म्हणाली.

रोज धक्क्यावर
माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून
ती काय बघायची ते मला तेव्हा कळलं.
मी दाखवायचो घार, खंड्या,
खारफुटीच्या मुळांतला चिखलखेकडा.
ती बघत होती फळी.
फळी वर गेली की आई जाते.
फळी खाली आली की
आधी स्कूटरी, मग मासळीची पाटी,
मग छत्री विसरून परत वळलेला कुणी,
आणि कधीतरी त्या सगळ्यांमागून
आई.

कठडे राहिले. झेंडा राहिला.
दुपारभर आम्ही फळी चालवली.
वर, खाली, वर.
प्रवासी तिनं भरले:
एक मोजा, दोन चमचे,
माझा चष्मा, रात्रीचं अर्धं पोळं.
भरले, पण उतरू देईना कुणाला.
मोजा कडेवर येऊन लोंबला
तर ओरडली, ‘थांब!’
‘अगं, त्याला घरी जायचंय.’
‘नाई. आई.’
आधी आई उतरणार, मग मोजा.
इतका सरळ नियम.
मीही थांबलो, मोज्याबरोबर,
चष्म्याशिवाय.

पावणेआठला धक्क्यावर गेलो तेव्हा
फळी तिच्या हातात होती,
बोटीपासून उपटलेली.
पाण्यावरचा दिवा मोठा होत आला.
साखळ्या खडखडल्या.
तिनं पुठ्ठा दोन्ही हातांनी उंच धरला,
आणि लोखंड सिमेंटला लागायच्या
जरा आधीच
सोडून दिला.

पहिली स्कूटर त्याच्यावरून गेली.
दुसरीही गेली.
तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

सुलक्षाची एक चप्पल तुटली होती,
ती फरफटत आली,
अंगाला जंतुनाशकाचा वास,
आणि पोरीला घेता घेता म्हणाली,
‘हिच्या केसांत शितं कशी?’
मग घरी दार उघडल्यावर,
‘आणि खोका?’

मी खुर्चीवरची झबली उचलली.
पुन्हा ठेवली.
न्हाणीतून दोन चमचे वाजले,
आणि ‘थांब’ म्हणून
कुणाला तरी दटावल्याचा आवाज आला.