तांबड्याच्या खाली

रात्री पावणेतीनला कुडचड्याचा फीडर ट्रिप झाला.
गिरधर शिडीवर, मी खाली कॅमेरा धरून.
हा कॅमेरा उजेड बघत नाही, ताप बघतो.
वायरीचा जोड ढिला पडला की
अंधारात पांढरा दिसतो, ठणकणाऱ्या दाढेसारखा.

पुस्तकात याला अवरक्त म्हणतात.
शाळेत मी तो शब्द मधोमध तोडला होता
आणि बाईंना विचारलं होतं, कुणाचं रक्त?
रक्त म्हणजे तांबडा गं, बाई म्हणाल्या.
तांबड्याच्या खाली जे आहे, ते.
मी म्हटलं, आमच्याकडे तर खाली-वर सगळं तांबडंच.

होतंच तसं. खनिजाचे ट्रक सावर्ड्याहून धक्क्याकडे,
एकाच्या शेपटाला दुसऱ्याचं नाक.
आई हंड्यावर फडकं टाकायची, भातावर ताट,
माझ्या तोंडावर पदर.
समोरची शाळा भर दुपारी नसायची.
घंटा ऐकू यायची, शाळा नसायची.
धुळीपलीकडे काही असतं, हे मी कानांनी शिकले.

आता वर, पंधरा लाख किलोमीटरवर,
एक दुर्बीण असल्याच धुळीत डोकावते.
आपल्या डोळ्यांना नुसते काळे ढग;
त्यांच्या पोटात तारे, दुपट्यात गुंडाळलेले,
अजून पेटलेही नाहीत, फक्त तापलेत.
तांबड्याखालचा उजेड कणाकणाला वळसा घालून
बाहेर निसटतो, जसा तो पोरगा
ट्रकांमधून सायकल काढायचा,
काय नाव त्याचं, उल्हास? नाही. रोहिदास.

मग ती हयंच कित्याक ना दवरली?
गिरधरनं विचारलं, पाना दातांत धरून.
अरे, आपली हवा बघ. नुसता घाम.
पाण्याची वाफ तो उजेड वाटेतच पिऊन टाकते.
शिवाय दुर्बीण स्वतःच तापली
तर तिला स्वतःशिवाय काय दिसणार?
दुसऱ्याची ऊब बघायची तर आधी आपण गार व्हायचं.
म्हणून सूर्याकडे पाठ, मध्ये पाच पदर,
सावलीच्या अंगाला उणे दोनशे तीसच्या आसपास.
आणि आरशांवर सोनं.
अठरा आरशांचं मिळून चारेक तोळे.
म्हज्या भयणीच्या लग्नाक चड लागलें, गिरधर म्हणाला.

जोड आवळला. दिवे आले.
कायतान पोदेराच्या भट्टीशी थांबलो.
लाकडं विझून तास झालेला, आत मिट्ट काळोख.
त्यानं तोंडाशी तळहात धरला,
तापकऱ्या पोराच्या कपाळावर धरावा तसा.
उजो पालवला, पूण हुनसाण आसा, म्हणाला
आणि पाव आत सरकवले.
माझ्या कॅमेऱ्यात तो काळोख दुपारसारखा लख्ख होता.

फळीवर पीठ फुगत होतं.
संध्याकाळी सुरीनं मारलेली केसाएवढी चीर
आता बोटभर रुंद.
पहिल्यावहिल्या दीर्घिकांचा उजेड असाच:
निघताना आखूड लाटांचा, निळ्याच्याही पलीकडचा;
वाटेत विश्वच फुगत गेलं,
लाट ताणली, आणखी ताणली,
आणि तेरा अब्ज वर्षांनी दारात पोचली
तेव्हा तांबड्याच्या खाली उतरली होती.
आली, आणि कुणाच्या डोळ्यांना दिसेना.

घरी शिरले तर बाबा उठून पाण्याला गेलेले.
गंमत म्हणून कॅमेरा खुर्चीवर धरला.
खुर्ची रिकामी, आणि तिच्यात बाबा बसलेले:
मांड्या, टेकवलेलं कोपर,
बावीस वर्षं ट्रक हाकून एका बाजूला कललेली पाठ,
फिकट, कडांनी विरघळत.
दोनेक मिनिटं असतील, मी मोजली नाहीत.
आतून तांब्या ठेवल्याचा आवाज आला.
दुर्बिणीलाही बहुतेक एवढंच कळतं,
इथं कुणी बसलं होतं, आत्ताच उठलं.

काय बघतेस, बाबांनी विचारलं.
काही नाही. पाव आणलेत, गरम आहेत.
ते बसले. अगदी त्याच जागी नाही,
जरा डावीकडे.