बुंध्याशी

कुल्दिगाच्या वरच्या गल्लीत, विटांच्या पुलापासून तिसरं घर.
अंगणात लाल पानांचा एकच मेपल,
एका बाजूने विरळ, भांग चुकल्यासारखा.
अजून ऑगस्टच चालू, आणि डाव्या फांद्यांनी
पानगळ उरकूनही टाकलेली.

"बुरशी आहे," स्काइद्रीतेबाई दारातूनच म्हणाल्या.
शेजाऱ्याने मोरचूद फवारून पाहिलं,
मावसबहिणीने राख घातली,
कुणी तर बुंध्यात गंजका खिळाही ठोकलेला, लोह मिळावं म्हणून.
मी ऐकून घेतलं. रोग्याच्या आधी
नातेवाईक बोलतात, हे या धंद्यात ठरलेलं.

पानं पाहिली: ठिपके नाहीत, कडा नुसत्या करपलेल्या.
डहाळी तिरकी कापली: आतलं लाकूड स्वच्छ,
हिरवट रेघ कुठेच नाही.
लाकडी हातोडीने खोड वाजवलं. भरीव.
मग गुडघे टेकले.

झाड जमिनीत शिरताना पसरतं,
बसताना घागरा पसरावा तसं.
हे मात्र खांबासारखं सरळ आत गेलेलं,
डावीकडे तर सपाट, रंधा मारल्यागत.

खुरपं, मग बोटं, मग रंगाऱ्याचा जुना कुंचला.
वीतभर खाली सापडलं:
मनगटाएवढं मूळ, त्याच झाडाचं,
त्याच्याच गळ्याभोवती आवळलेलं.
आणि त्याच्याही खाली मासेमारीची निळी दोरी,
दुहेरी गाठ, अजून शाबूत.

"व्हिल्निसने लावलं," बाई मागून म्हणाल्या.
"लेक डब्लिनला गेली त्या आठवड्यात.
खड्डा त्याच्या कमरेएवढा.
वाऱ्याने हलता कामा नये, म्हणायचा."
मी म्हटलं, माती वर्षानुवर्षं चढत जाते, बाई,
पाचोळा कुजतो, वाफे भरतात.
अर्धं खरं होतं.
त्या वाकल्या, गाठ चिमटीत धरून पाहिली.
"चढत असेल. पण गाठ त्याचीच.
त्याला सैल बांधता येतच नसे, बुटाची नाडीसुद्धा.
लेक फोनवर त्याच्याशी दोन मिनिटांच्या वर
कधी बोलली नाही."
मग आत गेल्या, कॉफी ठेवायला.

दोरी चाकूने गेली. मुळाला पटाशी लावली,
ढलपा ढलपा, खोडाच्या सालीला न दुखवता.
उजवीकडे आणखी एक आहे, जाड.
ते यंदा नाही. ज्याने गळा धरलाय
तेच पाणीही पाजतंय;
एकदम सोडवलं तर झाड सुटकेनेच मरायचं.

सांगून निघाले: खड्डा बुजवू नका.
खत नको, मोरचूद तर नकोच.
आठवड्याला दहा बादल्या, सावकाश.
तीन वर्षं त्याला काही म्हणू नका.

मे महिन्यात फोन आला.
खड्ड्यात एक बेडूक राहायला आलाय,
बादली ओतताना त्याच्या अंगावर पडतं, चालेल का?
चालेल, म्हटलं. आणि पानं?
"डावीकडची म्हणता?"
फोन तसाच ठेवून त्या बाहेर गेल्या असाव्यात;
बराच वेळ नुसती रस्त्यावरची सायकल,
लांबवर नदीचा धबधबा.
"आहेत," म्हणाल्या. "लहान आहेत.
मोजू का?"