पाटी

माझे वडील बसऱ्याला पाट्या रंगवायचे.
न्हाव्याची, खजूरवाल्याची, दातांच्या डॉक्टरची.
त्या शेवटच्या पाटीवर एक हसरी कवळी होती,
तिचं त्यांना अजून कौतुक.
डिअरबॉर्नला आल्यावर ते मोटारींचे दरवाजे रंगवू लागले,
एकाच रंगात, आठ तास,
एकही अक्षर न काढता.

मी नऊ वर्षांची असताना
शेजाऱ्यांच्या गॅरेजमधून पंचवीस सेंटला एक कॉमिक आणलं.
निळ्या झग्यातला नायक आकाशातून उतरतो
एका देशात, जो कुठल्याच नकाशात नाही,
पण उंट, मिनार, बाजार सगळं आधीच ठरलेलं.
खलनायकाच्या तलवारीला नाव होतं,
खलनायकाला नव्हतं.
त्याच्या मागे गर्दी. दाढ्या. उघडी तोंडं.
बायका म्हणजे काळ्या शाईचे त्रिकोण,
तेवढंच चित्रकाराचं काम वाचलं.

मी मागच्या दुकानावर बोट ठेवलं.
"बाबा, या पाटीवर काय लिहिलंय?"
त्यांनी चष्मा लावला. काढला, पुसला, परत लावला.
पान उलटं धरून पाहिलं.
"काही नाही," म्हणाले.
"अक्षरं आहेत, पण एकमेकांचा हात सोडून उभी आहेत,
आणि निघाली आहेत डावीकडून,
घर उजवीकडे असताना."
मग जरा थांबून,
"बिचारा दुकानदार.
गिऱ्हाईक येणार कसं?"

आता मी कॉमिकांत अक्षरं घालते.
लोकांच्या तोंडचे फुगे मी भरते,
धडाम आणि खण्णवर माझं घरभाडं निघतं.
गेल्या वर्षी कंपनीनं ठरवलं, आपल्याकडेही एक असावी.
व्हॅलरी म्हणाली, चांगल्या मनानंच म्हणाली,
तिची शक्ती : वाळू.
वाळू?
मी वाळू पाहिली ती जानेवारीत, मिशिगन अव्हेन्यूवर,
बर्फात गाड्या घसरू नयेत म्हणून टाकतात ती.
आम्हाला फावडं माहीत आहे.
द्या की फावड्याची शक्ती.
सगळे हसले.
वाळूच राहिली.

टिओडोर चित्रं काढतो. त्यानं विचारलं,
उडताना तिचा हिजाब सुटत कसा नाही?
मी वजीहा खालाला फोन लावला.
"आतून टोपी, वर जर्सीचं कापड, चार टाचण्या.
आणि उडायचंच असेल तर म्हणावं कानात कापूस घाल,
वरचा वारा वाईट."
त्या टाचण्या तिसऱ्या पानावर आहेत. नीट पाहिलं तर दिसतात.

पाचव्या पानावर ती माफी मागते,
तिनं न ठेवलेल्या बॉम्बबद्दल.
नवव्यावर एका पोलिसाला धर्म समजावते.
चौदाव्यावर शहर वाचवते,
पंधराव्यावर शहर विचारात पडतं.
बावीस पानांत पोरगी एकदाही जेवत नाही.
फुगे मी भरते खरं, शब्द माझे नसतात.

पण मागच्या भिंतींकडे कुणी बघत नाही.
बाबांच्या हाताला आता कंप आहे.
तरी वीजबिलाच्या पाकिटामागे त्यांनी बोरूनं लिहून दिलं,
मी स्कॅन करून घेतलं :
हाशिम आणि मुलगे. घड्याळं दुरुस्त होतील.
शुक्रवारी दुपारी बंद.
कंपामुळे एक वेलांटीसारखं वळण थोडं हललंय,
ते मी तसंच ठेवलं.

अंक आला. अकरावं पान.
तिनं राक्षसाला उचललं आणि फेकलं
नेमकं हाशिमच्या दुकानात.
काचा, स्प्रिंगा, काटे. माझंच भलंमोठं धडाम.
पाटी तिरपी, एका खिळ्यावर.
बाबा बराच वेळ बघत बसले.
"वाचता येते," म्हणाले.
चहा ओतून घेतला.
"विमा काढला असेल ना गं त्यांनी?"

पुढच्या अंकात दुकानाचा उल्लेख नाही.
मी टिओडोरकडून एका चौकटीच्या कोपऱ्यात
शिडी काढून घेतली आहे,
रंगाचा डबा,
आणि नव्या फळीवर फक्त पहिलं अक्षर,
उजवीकडून.