छतामार्फत ओळख

मी रात्रभर बेकरीत पाव भाजते आणि दिवसा झोपते,
त्यामुळे वरच्या घराशी माझी ओळख छतामार्फत.
पोर्तोतली ही चिंचोळी इमारत, लिफ्ट नाही,
भिंती दगडाच्या, तक्तपोशी मात्र जुन्या लाकडाची,
वर शेंगदाणा पडला तरी खाली कळतं.

एर्मिनिउ ट्राम दुरुस्त करायचा.
निवृत्त झाला त्या आठवड्यात डोंगरातून पिल्लू घेऊन आला,
विणीतलं सगळ्यात किडकिडीत,
म्हणून नाव मिगाल्या, म्हणजे पावाचा चुरा.
वर्षभरात चुरा बावन्न किलोंचा झाला.

तो बसला की माझ्या दिव्याची साखळी हलायची.
उठायचा हप्त्याहप्त्यानं:
आधी पुढचे पाय, मग थोडा विचार, मग मागचे.
त्याच्या शेपटीपायी घरातले कप
एकेक फळी वर चढत गेले,
शेवटी एर्मिनिउला कॉफीसाठी स्टूल लागायचं.
पण चालताना त्याचा हात त्या डोक्यावर असायचा,
न वाकता,
जिन्याच्या कठड्यावर असावा तसा.

समोरच्या दारात दिओलिंदाबाई आणि त्यांची बारोनेझा.
वजन तीन किलो, त्यात अर्धा किलो राग.
पोस्टमनवर भुंकायची, गॅसच्या टाकीवर भुंकायची,
चर्चची घंटा वाजली की तिलाही उलट उत्तर.
बाजारात जायची कोबीच्या पिशवीतून, तोंड बाहेर काढून.
तिची पावलं म्हणजे कुणीतरी घाईघाईनं
शिवणयंत्र चालवतंय.

"तुमचं गाढव जिन्यात मावत नाही."
"तुमच्या उंदराला घुंगरू बांधा, पायाखाली येईल."
हे नऊ वर्षं.
आणि कुत्रे? मिगाल्या भिंतीला चिकटून उभा राहायचा,
ती त्याच्या पोटाखालून जायची,
आपल्यासाठीच बांधलेल्या कमानीतून जावं तशी.

मग त्याचे मागचे पाय गेले.
चौसष्ट पायऱ्या, दिवसातून दोनदा.
दिओलिंदाबाईंनी लग्नातली जाड चादर काढून दिली, काही न बोलता.
चार कोपरे चौघांकडे: एर्मिनिउ, मी,
पोटमाळ्यावरचा विद्यार्थी रुय, आणि मिळेल तो चौथा.
मैद्याची पोती उचलणारे हात माझे,
वजनाचं काही वाटलं नाही.
जड होती ती त्याची लाज.
तो मान वळवून पूर्ण वेळ भिंतीकडे बघायचा.
पुढे दारं उघडत दिओलिंदाबाई,
त्यांच्या काखेत बारोनेझा, गप्प.

एका मंगळवारी खाली नेलं, वर आणलं नाही.
चादर धुऊन वाळत घातली, दोन दिवस पाणी निथळत राहिली.

"मोठे कुत्रे आयुष्य घाऊक खर्चतात,"
दिओलिंदाबाई मला पावाच्या रांगेत म्हणाल्या,
"ही माझी बघा, सुट्टे मोजत बसलीय."
त्याच हिवाळ्यात त्या न्हाणीघरात घसरल्या.
खुब्याचं हाड मोडलं. लेक ब्रागाला घेऊन गेली,
तिच्या घरात कुत्र्याला मनाई.

तर आता वर एर्मिनिउ आणि बारोनेझा.
पहिल्या रात्री त्यानं खाली येऊन मला विचारलं,
"एवढ्याशा जिवाला जेवण मोजतात कशानं? चमच्यानं?"
आता तो पाय उचलत नाही, सरपटत चालतो,
अंधारात ती पायात येईल म्हणून.
कप पुन्हा खालच्या फळीवर आलेत,
खुर्चीवर मात्र बसण्याआधी हात फिरवून बघावं लागतं.

दारात गाठ पडली की पाहते,
त्याचा उजवा हात अजून कमरेच्या उंचीवर थांबतो,
तिथे काही नाही हे कळायला त्याला क्षणभर लागतो.

काल दुपारी झोप लागत होती.
वर शिवणयंत्र सुरू झालं, खोलीभर फिरलं, थांबलं.
मग सरपट. मग एक गुडघा कटकन वाजला,
मग दुसरा.
मग बराच वेळ छत काहीच बोललं नाही.