ताप असताना या

मलेरियासाठी घेतलेल्या काचेवर
मलेरिया नव्हता.
तांबड्या पेशींच्या मधून
कुणी शिवण उसवून धागे टाकावेत
तशी जांभळी वेटोळी.
डोळा चोळला, भिंगाखाली तेलाचा थेंब नवा टाकला, पुन्हा पाहिलं.
नाव : जमनाबाई सोमा ठेलारी. वय अंदाजे चाळीस.
मुक्काम : तिथे कुणीतरी लिहिलेलं, फिरस्ते.

दोंडाईच्याच्या दवाखान्यात ती सहाव्या दिवशी आली
मिरचीच्या पथारीवरून चालत, पावलं लाल.
"ताप गया ना भाऊ. मी बरी शे."
बोट टोचलं. काच स्वच्छ.
मी 'बरी' असं लिहिलं, खाली सही केली.
तीन दिवसांनी चिमठाण्याच्या फाट्यावर
ताप परत उना.

रक्ताने ओळखून हाकलला
की हा अंगरखा बदलतो
आणि दुसऱ्याच आडनावाने त्याच दाराची कडी वाजवतो.

नकाशात टाचण्या खोचत गेलो.
पिंपळनेर. साक्री. निजामपूर. सारंगखेडा.
साहेब लांबूनच म्हणाले, मेंढ्यांच्या मागे चाललाय.
गावांनी ठरवलं, यंदा वावरात मेंढ्या बसवायच्या नाहीत.
(लेंडीखत तेवढं ट्रॉलीने मागवलं.)

मग ताप आला वाल्मीक गुरुजींना
ज्यांनी मेंढी फक्त ताटात पाहिलेली.
मतदानाच्या आदल्या रात्री ते झोपले होते
बुराईकाठच्या जुन्या नाक्यात, दगडी खोलीत,
पेटीला उशाशी घेऊन.

मी बॅटरी नि चिमटा घेऊन गेलो.
दगडांच्या सांध्यात, मातीच्या पापुद्र्याआड
गोचीड.
बैलाच्या कानामागची टपोरी नव्हे ती;
ही सुरकुतलेली, वाळल्या मनुक्यासारखी.
विडी ओढून होईपर्यंत पिते, परत फटीत जाते.
खाज नाही, डाग नाही,
सकाळी सांगण्यासारखं काहीच नाही.
मग न जेवता वर्षं काढते, वाट बघत.
त्याच भिंतीला पाठ लावून
ठेलाऱ्यांच्या तीन पिढ्या निजल्या होत्या.
कळप चालत होता.
ही कुठेच गेली नव्हती.

मी अहवाल लिहिला. अहवाल वाचला गेला, ही नवलाची गोष्ट.
जेसीबीने नाका पाडला एका दुपारी.
संध्याकाळपर्यंत दगड संपले :
कुणी गोठ्याला नेले, कुणी संडासाच्या पायाला,
एक ट्रॅक्टर तर पार शहाद्याकडे.
चांगला घडीव दगड, फुकटचा, कोण सोडेल.
पुढच्या हिवाळ्यात
माझ्या टाचण्या कमी पडल्या.

दाराशी पाटी लावली : ताप असताना या.
ताप नसताना रक्त काही बोलत नाही.
पण ताप असताना चालायचं कसं,
आणि ताप उतरल्यावर थांबायचं कशाला?
कळपाला रोज पुढचं पाणी गाठायचं असतं.

म्हणून जमनाबाईच्या गुलाबला शिकवलं,
सहावीपर्यंत शाळा, तीही चार गावांत मिळून.
सुई कशी धरायची, थेंब कसा ओढायचा,
काच सुकेपर्यंत माशी कशी बसू द्यायची नाही.
घोडीच्या पाठीवर, कोकरांच्या शेजारी
काचांचा डबा बांधून तो गेला.

तेव्हापासून एसटीने पुडकी येतात.
कंडक्टर नाक दाबून देतो, जणू आत ताप कोंडलाय.
विडीच्या बंडलाचा कागद, वर पेन्सिलीने नावं :
यमुना. सोमा आबा. लहानी, तीन वर्सनी.

आज एकच काच. ओढलेला थेंब वाकडा,
हात कापत असावा.
'गुलाब. आते ताप शे. लवकर देख.'

तेल टाकलं.
पहिल्याच नजरेत सात वेटोळी.

गोळ्या बांधल्या, परतीच्या गाडीत दिल्या,
आणि पत्त्यापाशी अडलो.
एव्हाना ते अनेर ओलांडून गेले असतील,
किंवा नसतीलही.
मुक्कामाच्या जागी लिहिलं :
जिथे घोडी दिसेल तिथे.

टाचणी अजून हातात आहे.