पाच रकाने

सोहार बंदरामागच्या त्या खोलीत
एसी चोवीस तास चालतो,
सर्व्हरसाठी. आमच्यासाठी नव्हे.
तिथे बसून मी फॉर्म लिहिला, चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट.
कमांड टाइप करायला ऑफिसात सगळे बिचकत,
म्हणून पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार.
काही सुचलं नाही तर चांदणी टाका.
चांदणी म्हणजे दर. दर तासाला, दर महिन्याला.
खाली एकच बटण: लावा.

लोकांनी लावलं.
पहाटे पावणेतीनला बॅकअप,
शनिवारी रात्री जुन्या फायलींची झाडलोट,
गुरुवारी कॅम्पच्या टँकरची यादी.
पहाटे कुणी जागायचं कारण उरलं नाही.

मल्लेशम वेल्डर महिन्यातून एकदा खिडकीशी यायचा,
काखेत हेल्मेट, डोळे उन्हाने बारीक झालेले.
"सार, जुन्या ओव्हरटाइमचं?"
मी स्क्रीन बघायचो. हिशेब तयार,
काम लागलेलं, पुढे हिरवा ठिपका.
"लागलंय. मशीन विसरत नाही."
तो मान लववून जायचा,
मशीनला.

चौदा महिने.

काल दुसरंच काही शोधताना ती ओळ नीट वाचली.
मिनिट शून्य, तास नऊ,
तारीख एकतीस,
महिना दोन.

पंचांगात क्षय तिथी असते,
ती निदान दोन सूर्योदयांच्या मधून
चोरपावलांनी येऊन जाते.
ही यायचीच नाही.
आणि सर्व्हर बापडा मिनिटामिनिटाला
कॅलेंडरकडे बघतोय: आज का? नाही.
आज का? नाही.
न कंटाळता. त्याचं काही चुकलेलं नाही.

कोणी भरलं? मुद्दाम,
की तीन लिहिताना दोन?
फॉर्म नाव विचारत नाही.
तो रकाना मीच ठेवला नव्हता,
सोपं ठेवायचं होतं ना.

आज स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढवल्या.
नसलेली तारीख आता लाल होते.
एवढ्यावर उठायला हवं होतं.
पैशाच्या कामांना हात लावायचा
मला अधिकार नाही, तसं कागदावर आहे, माझ्या सहीसकट.

बाहेर साडेबाराची सुट्टी झालीय.
भिंतीची सावली हातभर,
म्हणून सगळे पाठ टेकून, पाय आखडून बसलेत.
त्यातला मल्लेशम कोणता, इथून कळत नाही.

तारीख खोडली, आजची टाकली.
तास बारा, मिनिट पस्तीस.
लावा.

घड्याळात बारा तेहतीस.